यॉट क्लब कसा चालतो: अपोलो बंदरावरच्या एका जुन्या संस्थेची ओळख

गेटवे ऑफ इंडियापाशी समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की समोर घारापुरी आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचची गर्दी दिसते आणि त्यांच्यापलीकडे नांगरून ठेवलेल्या, शिडे उतरवलेल्या लहान नौका डुलताना दिसतात. मागे वळून पाहिले तर एका बाजूला ताजमहाल हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला उतरत्या छपरांची, टोकदार कमानींची एक जुनी इमारत आहे. ही इमारत रॉयल बॉम्बे यॉट क्लबची आहे. १८४६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या नौकानयन संस्थांपैकी एक आहे, तरीही आत नेमके काय चालते याविषयी मुंबईकरांनाही फारशी माहिती नसते. श्रीमंतांनी संध्याकाळी जेवायला जायची जागा, एवढीच तिची ओळख असते. ती पूर्णपणे चुकीची नाही, पण तेवढ्यावरून या संस्थेचा उलगडा होत नाही. यॉट क्लब समजून घ्यायचा, तर शिडाची नौका बाळगणे ही एकट्यादुकट्याला न झेपणारी गोष्ट का आहे, इथून सुरुवात करावी लागते.

एकट्याला न झेपणारे काम

सहा-सात मीटर लांबीची शिडाची नौका विकत घेणे हा खर्चाचा पहिला आणि बहुधा लहान भाग असतो. खरा प्रश्न ती ठेवायची कुठे हा आहे. समुद्राच्या तळाशी जड वजन टाकून त्याला साखळी बांधावी लागते, साखळीच्या वरच्या टोकाला तरंगता बोया लावावा लागतो आणि त्या बोयाला नौका बांधून ठेवावी लागते. किनाऱ्यावरून तिथवर जायला वल्ह्यांची होडी लागते, त्या होडीत उतरायला धक्का किंवा उतार लागतो, साखळी किती झिजली हे दरवर्षी पाहणारा जाणकार लागतो आणि वारा वाढून कोणी उलटलेच, तर तातडीने पोहोचणारी इंजिनाची बचाव नौका लागते.

मुंबईत या अडचणी आणखी वाढतात. इथल्या उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे पाच मीटरपर्यंत वरखाली होते, त्यामुळे सकाळी ज्या पायरीवरून होडीत पाय टाकला ती पायरी दुपारी पाण्यापासून फार उंच राहिलेली असू शकते, आणि बंदराच्या पूर्व बाजूला तर ओहोटीच्या वेळी चिखलाची लांबच लांब पट्टी उघडी पडते. शिवाय पावसाळा आहेच. कुलाब्याच्या भूशिरामुळे बंदराला पश्चिमेकडून आडोसा मिळत असला, तरी बंदराचे तोंड दक्षिणेकडे उघडे आहे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा त्या तोंडातून आत शिरतात. म्हणून शिडाच्या नौका पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढाव्या लागतात, त्यांची लाकडे, दोर आणि शिडे कोरड्या जागी जपावी लागतात आणि पाऊस सरल्यावर त्या पुन्हा पाण्यात सोडाव्या लागतात. शिडाच्या खेळाचा मोसम त्यामुळे साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच उरतो.

बोया, धक्का, बचाव नौका, पावसाळ्यातली जागा आणि हे सगळे सांभाळणारी माणसे यांचा खर्च एका कुटुंबावर पडला तर तो कोणालाच परवडणार नाही. शंभर जणांत वाटला तर परवडतो. क्लब निर्माण होण्यामागे हे साधे गणित आहे.

क्लबशिवाय स्पर्धाच नाही

याहून महत्त्वाचे, पण बाहेरून न दिसणारे दुसरे कारण नियमांचे आहे. शर्यत लावायची तर सुरुवातीची रेषा कोणी आखायची, वेळ कोणी मोजायची, धडक झाली तर चूक कोणाची हे कोणी ठरवायचे आणि मोठी नौका लहान नौकेशी कशी स्पर्धा करणार, या प्रश्नांची उत्तरे देणारी, सर्वांनी मान्य केलेली एखादी संस्था हवी. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात १७२० मध्ये सुरू झालेला क्लब या परंपरेतला सर्वांत जुना मानला जातो. इंग्लंडमधील काउज येथील रॉयल यॉट स्क्वाड्रनचा आरंभ १८१५ चा, तर न्यू यॉर्क यॉट क्लबची स्थापना १८४४ ची. मुंबईचा क्लब त्यानंतर दोनच वर्षांनी उभा राहिला, म्हणजे तो या जागतिक हालचालीच्या मागे रेंगाळलेला नव्हता.

क्लब ही या खेळाची मूळ पायरी कशी आहे, हे अमेरिकाज कपवरून चांगले समजते. १८५१ मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्लंडमधील वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकून हा चषक मिळवला. पुढे तो न्यू यॉर्क यॉट क्लबच्या हवाली करताना जे दानपत्र लिहिले गेले, त्यात परदेशातील रीतसर स्थापन झालेल्या यॉट क्लबनेच आव्हान द्यावे अशी अट घालण्यात आली. एखाद्या धनाढ्य माणसाकडे कितीही वेगवान नौका असली, तरी पाठीशी क्लब नसेल तर तो या चषकासाठी उतरूच शकत नाही. न्यू यॉर्कच्या क्लबने हा चषक १३२ वर्षे राखला आणि १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ या नौकेने तो पर्थच्या एका क्लबसाठी जिंकला.

अपोलो बंदरावरचे शतक

१८४६ च्या मुंबईत नौकाबांधणीचे ज्ञान मुबलक होते. वाडिया घराण्यातील कारागीर १७३६ पासून मुंबईच्या गोदीत जहाजे बांधत आले होते आणि त्यांनी सागवानात बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. मात्र त्याच काळात वाफेची जहाजे टपाल आणि प्रवासी वाहतूक ताब्यात घेऊ लागली होती. शिडाची पोटापाण्याची गरज कमी होऊ लागली आणि नेमक्या त्याच दशकांत शीड हा हौसेचा, स्पर्धेचा विषय बनला. जगभरातल्या यॉट क्लबांची जन्मवर्षे याच सुमारास दाटीने येतात, याचे कारण मला यात दिसते.

मुंबईतील क्लब इंग्रज अधिकारी आणि व्यापारी यांनी आपल्यासाठी काढला होता. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला ‘रॉयल’ ही उपाधी दिली. १८८१ मध्ये अपोलो बंदरावर, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी असलेल्या पालव्यावर, क्लबची स्वतंत्र इमारत उभी राहिली. गेटवे ज्या जमिनीवर आहे ती जमीन तेव्हा नव्हती; पुढे भराव घालून ती तयार करण्यात आली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी याच बंदरावर उतरले आणि त्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेली गेटवेची कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली. सभासदांच्या राहण्यासाठी क्लबने १८९० च्या दशकात आणखी एक इमारत बांधली. वास्तुरचनाकार होते जॉन अ‍ॅडम्स. गेटवेकडून आज आपल्याला जी इमारत क्लब म्हणून दिसते ती हीच, मुळात निवासासाठी बांधलेली.

या काळाविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हा क्लब युरोपियनांचा होता आणि भारतीयांना तिथे सभासद म्हणून प्रवेश नव्हता. बंदरातल्या खलाशांमध्ये रत्नागिरीकडच्या माणसांचा मोठा भरणा होता, इथले वारे आणि प्रवाह कोळ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, समोरच्या पाण्यापलीकडे खांदेरी आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापाशी आंग्र्यांच्या आरमाराचा इतिहास घडलेला होता. तरी त्या पाण्यात हौसेने शीड उभारण्याची वाट ज्या दारातून जात होती ते दार या सगळ्यांना बंद होते. असे दार एकाच क्लबचे नव्हते. मुंबईच्या इतर प्रतिष्ठित क्लबांतही हाच रिवाज होता आणि त्याला उत्तर म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत, भारतीय आणि युरोपियन अशा दोघांनाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब निघाला.

स्वातंत्र्यानंतर या जागेच्या इतिहासात जे घडले ते मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. १८८१ ची मुख्य इमारत क्लबकडून गेली आणि १९४९ मध्ये होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था पेडर रोडवरच्या जागेतून तिथे आली. कुलाब्याला स्वतःची इमारत तयार होऊन १९६२ मध्ये तिचे उद्घाटन होईपर्यंत भारतातील मूलभूत विज्ञानाचे फार महत्त्वाचे काम या ‘जुन्या यॉट क्लब’मध्ये चालले. पुढे अणुऊर्जा विभागाचे मुख्यालय तिथे राहिले आणि ती वास्तू अणुशक्ती भवन म्हणून ओळखली जाऊ लागली. क्लबचा संसार शेजारच्या निवासी इमारतीत हलला. सभासदत्व भारतीयांना खुले झाले. ‘रॉयल’ हा शब्द मात्र नावात कायम राहिला.

सभासद होणे म्हणजे काय

यॉट क्लब ही कंपनी नाही आणि हॉटेलही नाही. तो सभासदांच्या मालकीचा असतो. त्यामुळे नव्या माणसाला आत घेणे म्हणजे ग्राहक मिळवणे नसून मालकीत वाटेकरी घेणे असते, आणि प्रवेशाची पद्धत इतकी सावकाश का असते हे त्यावरून कळते. अशा क्लबांत साधारणपणे एक विद्यमान सभासद नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, अर्जदाराचे नाव काही काळ सूचनाफलकावर लावले जाते जेणेकरून कोणाची हरकत असल्यास ती समितीपर्यंत यावी, त्यानंतर समिती अर्जदाराला भेटते आणि मग निर्णय होतो. जुन्या काळी हा निर्णय पेटीत गोळे टाकून होत असे. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार, आणि थोडेसे काळे गोळेही अर्ज फेटाळायला पुरत. कोणी विरोध केला हे अर्जदाराला कधीच कळत नसे.

पैशाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. एकदाच भरायचे प्रवेशशुल्क आणि नियमित भरायची वर्गणी असे दोन भाग असतात. प्रवेशशुल्कातून इमारतीची मोठी दुरुस्ती, नव्या नौका असे भांडवली खर्च भागतात, तर वर्गणीतून रोजचा कारभार चालतो. शंभर वर्षांहून जुनी वास्तू खाऱ्या हवेत उभी ठेवणे हे अतिशय खर्चिक काम आहे आणि शहराच्या सर्वांत महागड्या भागात जागा वाढवता येत नसल्यामुळे सभासदसंख्याही मोकळेपणाने वाढवता येत नाही. या दोन गोष्टींमुळे शुल्क सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर जाते. सैन्यदलांतले अधिकारी, ठराविक मुदतीसाठी शहरात आलेले लोक, कंपन्यांनी नेमलेले प्रतिनिधी यांच्यासाठी अशा क्लबांत बहुधा वेगवेगळे वर्ग असतात. याशिवाय देशोदेशीच्या क्लबांशी परस्पर करार असतात, त्यामुळे एका बंदराच्या सभासदाला दुसऱ्या बंदराच्या क्लबमध्ये पाहुणा म्हणून उतरता येते. समुद्रमार्गे फिरणाऱ्यांची ही जुनी सोय आहे.

कारभार सभासदांनीच निवडलेली समिती पाहते. अध्यक्षाला कमोडोर म्हणतात आणि त्याच्या खाली व्हाइस कमोडोर आणि रिअर कमोडोर असतात. पदे आरमारातल्यासारखी असली तरी ती मानद असतात. क्लबचा स्वतःचा लहान त्रिकोणी ध्वज असतो आणि नौकेच्या डोलकाठीवर तो फडकत असला, की ती कोणत्या क्लबची हे दुरूनच ओळखता येते.

आतला खरा ताण मात्र पदांचा नसून दोन प्रकारच्या सभासदांचा असतो. काही जण शीड उभारायला येतात, बरेच जण जेवायला, वाचायला, भेटायला येतात. दुसऱ्या गटाची संख्या जवळपास सगळीकडेच मोठी असते आणि भोजनगृह, खोल्या यांच्या उत्पन्नातून नौकांचा खर्च निघत असल्यामुळे पहिल्या गटाला दुसऱ्याची गरज असते. पण वार्षिक सभेत मत दोघांनाही असते. बचाव नौकेचे नवे इंजिन आधी घ्यायचे की भोजनगृहाची फरशी बदलायची, असे प्रश्न त्या सभेत सुटतात, आणि एखादा यॉट क्लब अजून यॉट क्लब आहे की केवळ क्लब उरला आहे, हे अशा निर्णयांवरून ठरते. माझ्या मते अशा संस्थेची पारख करण्याची ही सर्वांत विश्वासार्ह कसोटी आहे.

बंदरातली एक शर्यत

आता पाण्यावर काय होते ते पाहू. मुंबई बंदरात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिवसाला दोन वारे मिळतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, तो ऊन चढेल तसा मंदावतो, मधला काही वेळ निपचित जातो आणि दुपारी समुद्राकडून, बहुतेक वायव्येचा, खारा वारा भरतो. शर्यतीची वेळ या वाऱ्यावर आणि भरतीच्या कोष्टकावर बेतलेली असते, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा प्रवाह इतका जोरकस असतो की मंद वाऱ्यात पुढे तोंड करून चाललेली नौका प्रत्यक्षात मागे सरकू शकते. कुठल्या बाजूला खोली कमी आणि म्हणून प्रवाह सौम्य, हे ज्याला ठाऊक आहे तो वेगवान नौकेलाही मागे टाकतो. हे ज्ञान मुख्यतः जुन्या सभासदांकडून आणि क्लबच्या तांडेलांकडून, म्हणजे नौका हाकणाऱ्या अनुभवी खलाशांकडून, नव्या माणसाकडे जाते.

शर्यतीला धावपट्टी नसते. दोन खुणांमधली एक काल्पनिक रेषा म्हणजे आरंभ. पाच मिनिटे आधी पहिला ध्वज चढतो, चार मिनिटे आधी दुसरा, एक मिनिट उरले की दुसरा उतरतो आणि शून्याला पहिला उतरतो. प्रत्येक वेळी आवाजाचाही इशारा होतो. शिडाच्या नौकेला ब्रेक नसल्यामुळे सगळ्या नौका रेषेमागे घिरट्या घालत राहतात आणि अचूक क्षणी पूर्ण वेगात रेषा ओलांडण्याचा प्रयत्न करतात. शर्यतीचा निम्मा निकाल इथेच लागतो.

खेळाचा मूळ नियम वाटेच्या हक्काचा आहे. ज्या नौकेवर वारा उजव्या बाजूने येतो तिला मार्गाचा हक्क असतो आणि जिच्यावर तो डाव्या बाजूने येतो तिने दूर व्हायचे असते. दोघींवर वारा एकाच बाजूने येत असेल आणि त्या शेजारी शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या नौकेने वाऱ्याआडच्या नौकेला वाट द्यायची. हे पाहायला प्रत्येक नौकेमागे पंच नसतो. चूक झाली असे ज्याला स्वतःला वाटते त्याने तिथल्या तिथे नौका दोन वेळा पूर्ण गोल फिरवून शिक्षा भोगायची आणि पुढे जायचे; खुणेच्या बोयाला स्पर्श झाला असेल तर एक गोल पुरतो. चूक मान्य नसेल तर दुसरा खेळाडू ओरडून तक्रार जाहीर करतो आणि मोठ्या नौकांवर लाल ध्वजही लावतो. मग संध्याकाळी समितीपुढे दोन्ही बाजू मांडल्या जातात, साक्षीदार बोलावले जातात आणि निकाल लेखी दिला जातो. आपली चूक आपण होऊन कबूल करण्यावर इतका भार असलेले खेळ थोडेच आहेत, आणि सभासद निवडताना क्लब माणसाच्या वागण्याला इतके महत्त्व का देतात याचे एक कारण इथेही सापडते.

वेगवेगळ्या आकारांच्या नौका एकत्र धावतात तेव्हा वेळेत दुरुस्ती करतात. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक प्रकाराला एक अंक दिलेला असतो. संथ नौकेचा अंक मोठा. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या अंकाने भागायचे. समजा, १००० अंकाच्या नौकेने ६० मिनिटे घेतली आणि ११०० अंकाच्या नौकेने ६५. दुसरीची दुरुस्त वेळ सुमारे ५९ मिनिटे ५ सेकंद येते, म्हणजे पाच मिनिटे मागे राहूनही ती जिंकली. गुणांची पद्धत उलटी असते: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि मालिकेच्या शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. अशा हिशेबात एखाद्या दिवसाच्या चमकेपेक्षा सातत्याला किंमत मिळते.

दार कोणासाठी उघडते

समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, परंतु त्यात नौका सोडण्याचा धक्का कोणाच्या तरी आवारात असतो, आणि भारतातील या खेळाचा सारा इतिहास या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो. स्वातंत्र्यानंतर धक्क्याची दुसरी वाट सैन्यदलांनी तयार केली. मुंबईतील नौदल आणि लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रांतून साध्या घरांतली मुले जवान म्हणून आली आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे खेळाडू झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर यांनी भारतातर्फे भाग घेतला, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या तरी त्यांतल्या नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि १९९४-९५ चा खेलरत्न पुरस्कार होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या नौदलातील जोडीला मिळाला. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तीही नौदलाच्या पाठबळावर.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने शिडाच्या नौकांत तीन पदके मिळवली. त्यांतल्या नेहा ठाकूर आणि इबाद अली यांचे प्रशिक्षण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भोपाळच्या तलावावर झाले होते, आणि तिसरे विष्णू सरवणन सैन्यदलातले. भोपाळमध्ये सरकारी शाळा आहे, नौका शाळेच्या आहेत, मुलाला निवड चाचणी द्यावी लागते आणि प्रवेशशुल्क आड येत नाही. सातशे किलोमीटरहून अधिक किनारा असलेल्या महाराष्ट्रात पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाऱ्याची आणि प्रवाहाची जाण घेऊन वाढणारी हजारो मुले आहेत आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांनी स्पर्धेची शिडाची नौका हातात धरली आहे. हे मला मनापासून खटकते.

जुन्या क्लबांनी आपली वास्तू, आपली भोजनगृहे आणि आपले रिवाज सांभाळण्यात गैर काही नाही. मात्र फक्त नौकानयनासाठी वेगळे, अल्प शुल्काचे सभासदत्व ठेवणे, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या ऑप्टिमिस्ट जातीच्या लहान नौका कोळीवाड्यांतल्या शाळांना मोसमात वापरायला देणे आणि तांडेलांना प्रशिक्षक म्हणून रीतसर प्रमाणपत्र मिळवून देणे, ही तीन कामे कोणत्याही यॉट क्लबला आपल्या समितीच्या एका ठरावाने सुरू करता येतात, आणि त्यासाठी लागणारे बोये, धक्का आणि बचाव नौका त्याच्याकडे आधीपासूनच आहेत.